दिवा लागतो, पण वाचतो कोण?

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या इंजिनावर लेख! विषय कळताच काही मित्रमैत्रिणींच्या भुवया उंचावतील आणि काही प्राध्यापक पान उलटतील, हे मी जाणून आहे. परंतु ज्या प्रसंगातून हा लेख निघाला, त्यात चूक इंजिनाची अर्धी आणि वाचनाची अर्धी होती. आणि वाचणारी मी होते. म्हणून हा विषय आपल्याच शाखेचा आहे असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

माझे वडील टूरिस्ट गाडी चालवतात. नागपूर ते ताडोबा, नागपूर ते पेंच, लग्नसराईत वऱ्हाडी, एरवी विमानतळ. गाडी पेट्रोलची, कर्जावर घेतलेली. गेल्या मे महिन्यात एके सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा तो दिवा बहुतेकांनी पाहिला असेल. गाडी चालत होती, पण पेट्रोल जास्त पीत होती. गरम असताना सेल्फ मारला तर चटकन सुरू होत नव्हती. आणि समोरचा पंखा चावी फिरवताच जो सुरू होई, तो थांबायचे नाव घेत नसे. दुसऱ्या दिवशी ताडोब्याचे दोन दिवसांचे भाडे होते. बाबांनी घराजवळच्या एका गॅरेजात गाडी नेली आणि मला सोबत घेतले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “त्याच्याकडं ते मशीन हाये. त्यात सारं इंग्रजी येते. तू कॉलेजात जाते ना, तूच वाच.”

आमच्या घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. तेव्हा इंग्रजीत जे जे येते ते माझ्यापुढे येते. बँकेचे पत्र, विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी. त्याच रांगेत आता हे.

गॅरेजातल्या मुलाने स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असलेल्या सोळा टोकांच्या खाचेत स्कॅनरची वायर खोचली. पडद्यावर अक्षरे उमटली: पी ०११८, ‘इंजिन कूलंट टेम्परेचर सर्किट हाय’. मी मोठ्याने वाचले आणि लगेच अर्थही सांगून टाकला, “बाबा, इंजिनाचे पाणी फार तापले आहे. टेम्परेचर हाय.” गॅरेजातला मुलगा मान हलवून ‘हो’ म्हणाला.

बाबा डॅशबोर्डकडे पाहत होते. म्हणाले, “काटा तं खालीच हाये. गरम असती तं काटा वर नसता गेला का?”

मी म्हटले, “काटा बिघडला असेल. मशीनवर स्पष्ट लिहिले आहे.” आणि बाबा गप्प झाले. वीस वर्षे गाडी चालवणारा माणूस माझ्या दोन इंग्रजी शब्दांपुढे गप्प झाला. ही गोष्ट मला आजही बोचते.

पुढचे थोडक्यात सांगते. ताडोब्याचे भाडे सोडले. एवढ्या उन्हात तापलेले इंजिन घेऊन कोण जाणार? थर्मोस्टॅट बदलला, कूलंट नवे भरले. दिवा तसाच. मग त्या मुलाने तापमानाचा सेन्सर बदलला. दिवा तसाच. मग त्याने आम्हाला मोठ्या वर्कशॉपचा रस्ता दाखवला. तेथे पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच कोड, आणि निदान असे की, “सेन्सर तर नवाच आहे, म्हणजे ईसीएम गेला.” ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू, पुस्तकांत त्याला ईसीयू म्हणतात, गॅरेजात ईसीएम. किंमत अडतीस हजार. माझ्या वर्षभराच्या फीच्या कितीतरी पट!

बाबांनी मग अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे असलेल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना गाठले. ते अ‍ॅम्बॅसिडर आणि फियाटवर शिकलेले. त्यांच्याकडेही स्कॅनर आहे. हजारभर रुपयांचा, मोबाईलला जोडायचा. त्यांनी कोड पाहिला आणि कोडावर न थांबता पुढचे पान उघडले. तेथे इंजिनाला त्या घटकेला जे जे ‘वाटते’ ते आकड्यांत दिसते: फेरे किती, बॅटरीचा दाब किती, पाणी किती गरम. पाण्यापुढे आकडा होता उणे ४०.

काका हसले. “नागपूरच्या मे महिन्यात उणे चाळीस! रात्री गाडी बरफात उभी केली होती का गा?”

बाबाही हसले. मी हसू शकले नाही, कारण त्या क्षणी मला कळले की मी वाचले होते त्याच्या नेमके उलटे होते. यंत्र ‘गरम’ म्हणत नव्हते. यंत्राला वाटत होते की आपण सैबेरियात आहोत.

आता हे असे का, ते सांगणे भाग आहे. माझे शास्त्र दहावीनंतर सुटले असले तरी काकांनी समजावले ते मी लिहून घेतले आहे. तापमानाचा सेन्सर म्हणजे एक रोधक. थंड असला की त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी. साधारणपणे २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीयू त्याच्याकडे पाच व्होल्टचा दाब पाठवतो आणि तारेवर किती दाब शिल्लक राहतो ते पाहतो. सेन्सर गरम, रोध कमी, तर दाब खाली येतो. सेन्सर थंड, तर दाब वर राहतो. आणि तारच तुटली असेल, तर दाब पूर्ण पाच व्होल्टवर चढून बसतो. बिचारा ईसीयू याचा अर्थ काय लावणार? त्याच्या तक्त्यात सर्वांत वरच्या दाबापुढे सर्वांत खालचे तापमान लिहिलेले आहे, उणे ४०. पण इतका दाब खऱ्या थंडीतही येत नाही हे त्याला शिकवलेले असते. म्हणून तो दिवा लावतो आणि नोंद करतो: ‘सर्किट हाय’. हाय काय? तारेवरचा दाब. पाण्याशी त्या ‘हाय’चा संबंधच नाही! कोड ‘सर्किट लो’ असा आला असता, तर यंत्राला इंजिन भयंकर तापलेले वाटले असते. शब्द ‘टेम्परेचर’च्या शेजारी बसला आहे म्हणून तो टेम्परेचरचे विशेषण असे मी धरले. व्याकरणात अशी चूक केली असती तर आमच्या सरांनी लाल शाईने गोल केला असता. मध्ये ‘सर्किट’ हा शब्द होता, आणि मी तो ओलांडून गेले; मला त्याचा अर्थ नीट माहीत नव्हता आणि बाबांसमोर ते कबूल करायची लाज वाटली.

इंजिन थंड आहे असे समजून यंत्र जास्त पेट्रोल ओतत होते, म्हणून सरासरी घसरली. गरम इंजिनात तेवढेच पेट्रोल ओतल्यामुळे ते सुरू व्हायला कुरकुरत होते. आणि खरे तापमान कळेनासे झाले की धोका नको म्हणून पंखा सतत चालू ठेवायचा, असे त्याला शिकवलेले होते. सतत चालणारा पंखा पाहून आम्हाला वाटले, नक्कीच तापते आहे. काटा तेवढा खरे बोलत होता. म्हणजे त्यालाही यंत्राचीच चुकीची बातमी मिळत होती. पण ‘मला थंड वाटते आहे’ हे तो इमानाने दाखवत होता. बाबांनी तो वाचला होता.

काकांनी निदान कसे केले ते पाहण्यासारखे होते. सेन्सरचा प्लग काढला आणि प्लगाच्या दोन टोकांमध्ये तारेचा छोटा तुकडा बसवला. वायरिंग आणि ईसीयू ठीक असतील तर आता आकडा एकदम वर, सव्वाशेच्याही पुढे उडायला हवा. तो उणे ४० वरच राहिला. “सेन्सर निर्दोष,” काका म्हणाले. जुना सेन्सर फेकून नवा घातला होता, तो वायाच. आता दोषी दोघांपैकी एक: मधली तार किंवा ईसीयू. बॅटरी काढून ईसीयूचा प्लग सोडला आणि मीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार तपासली. एक तार मुकी. काळी टेप उलगडत गेल्यावर बॅटरीखालच्या वळणावर उंदराने कुरतडलेली जागा सापडली. तांब्याचे दोन केस तेवढे उरले होते, तेही तुटलेले. गाडी रात्री कडुनिंबाखाली उभी असते. शेजारी किराणा दुकान. उंदरांना काय कमी!

जोड दिला, टेप गुंडाळली. साडेतीनशे रुपये. त्यातले दीडशे बाबांनी बळेच दिले.

या प्रसंगावरून कोणी असा निष्कर्ष काढील की वर्कशॉपवाले लुटारू आणि जुने मिस्त्री देव. माझे म्हणणे तसे नाही. त्या मुलाने आणि त्या वर्कशॉपने लबाडी केली असे मला वाटत नाही. त्यांनी पडद्यावरचे वाक्य खरे मानले, जसे मी मानले. तर्कशास्त्राच्या तासाला आपण धुरावरून अग्नीचे अनुमान शिकतो. पण धूर कोणत्या चुलीतून येतो, हे धूर सांगत नाही. कोड हा धूर आहे. तो तक्रार नोंदवतो, निकाल देत नाही. ‘पी ०१७१’ म्हणजे इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. कारण? फाटलेली हवेची नळी असेल, दमलेला पेट्रोलपंप असेल, चोंदलेला इंजेक्टर असेल. पण कोड वाचून जो तो आधी ऑक्सिजन सेन्सरच बदलतो, कारण पेट्रोल कमी असल्याची बातमी त्यानेच दिलेली असते. आग लागल्याची वर्दी देणाऱ्यालाच अटक करावी, तसे झाले हे!

त्याहून वाईट सवय म्हणजे कोड पुसण्याची. स्कॅनरवर एक बटण असते. दाबले की दिवा विझतो. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जाते. दोष तसाच असतो, म्हणून दोनचार दिवसांनी दिवा परत लागतो. कारण पुष्कळ दोषांच्या बाबतीत यंत्र पहिल्याच वेळी ओरडत नाही, लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला तर दिवा लावते. मधले दिवस गिऱ्हाइकाला गाडी दुरुस्त झाली असे वाटते. शिवाय कोड पुसला की दोष घडला त्या क्षणाचे टिपलेले आकडेही पुसले जातात: वेग किती होता, इंजिन किती गरम होते, भार किती होता. पुढच्या मिस्त्रीच्या हातचा पुरावाच गेला. आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री ‘गाइड’ वाचून जे करतो ते याच जातीचे आहे, पण तो विषय निराळा.

जुन्या मिस्त्रींच्या बाबतीतही आंधळी भक्ती नको. काकांनीच मला सांगितले की इलेक्ट्रॉनिक गाड्या नव्या होत्या त्या काळी त्यांनी अ‍ॅम्बॅसिडरवर वापरायचा साधा टेस्ट-लॅम्प सेन्सरच्या तारेला लावला आणि एका माणसाचा ईसीयू जाळला. भरपाई त्यांनी दोन वर्षे फेडली. त्यानंतर मीटर आला, आणि मुलाकडून ते मोबाईलही शिकले. मारुती ८०० आली १९८३ साली. तिचा कार्बुरेटर जाऊन इंजेक्टर आले ते २००० सालाच्या सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा. म्हणजे पेचकस कानाजवळ धरून इंजिनाचा ठोका ऐकणारी एक सबंध पिढी मधल्या वयात अचानक निरक्षर ठरली. त्यांच्यासाठी साक्षरतेचे वर्ग कोणी काढले नाहीत. काही शिकले, पुष्कळांनी धंदा सोडून पंक्चरचे दुकान टाकले.

आणि जे शिकू पाहतात त्यांना पुस्तक मिळते का? काकांकडे आमच्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा नव्हता. कोणती तार ईसीयूच्या कोणत्या टोकाला जाते हे त्यांनी रंगावरून आणि अंदाजाने शोधले. नकाशा असता तर अर्ध्या तासाचे काम, लागला अख्खा दिवस. ईसीयू खरोखर गेला असता तर काकांचा इलाजच खुंटला असता, कारण नवा ईसीयू चावीशी आणि गाडीशी जुळवून द्यायला कंपनीचेच उपकरण लागते. ही तक्रार एकट्या वाडीच्या मिस्त्रीची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि दोष शोधण्याची उपकरणे या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, असे आयोगाला आढळले. प्रकरण पुढे अपिलात गेले, २०१६ मध्ये दंडाची रक्कम घटली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मतपेटीतून कौल दिला की दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी सर्व गॅरेजांना दिलीच पाहिजे. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. चांगले झाले. पण बाबांना ते उघडून द्यायला मी लागते, आणि मी काय वाचते ते वर आलेच आहे.

कोणी म्हणेल, एवढी गुंतागुंतीची यंत्रे सामान्य माणसाने उघडावीतच कशाला? कंपनी जाणे आणि तिचा ईसीयू जाणे. या विश्वासाला २०१५ साली चांगलाच तडा गेला. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या ईसीयूत असा कार्यक्रम घातलेला होता की प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे तो ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर आला की सोडून देई. जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या. भारतातील गाड्यांची तपासणी पुण्याच्या ‘एआरएआय’ने केली. ही १९६६ साली स्थापन झालेली आपल्या महाराष्ट्रातली संस्था. त्या वेळी तिच्या संचालिका रश्मी ऊर्ध्वरेषे होत्या. रस्त्यावर आणि प्रयोगशाळेत आकडे वेगवेगळे येतात हे तेथे दिसले आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपण भारतातील नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील कारवाई थांबवली. न्यायनिवाडा काय व्हायचा तो होवो. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या लाखो गाड्यांत पिवळा दिवा लागला नव्हता. डबा जे शिकवावे तेच बोलतो. शिकवणारा कोण आणि तपासणारा कोण, हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या इमारतीत कोंडून ठेवण्यासारखा नाही.

आता भाषेकडे वळते. डॅशबोर्डवरील दिव्यांची चित्रे जगभर सारखी असतात, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. कोणाही निरक्षराला कळावे म्हणून ती चित्रे. लाल तेलाची बरणी दिसली की गाडी तिथल्या तिथे बंद करायची, घर दोनशे पावलांवर असले तरी. तेलाचा दाब नसेल तर इंजिन काही मिनिटांत जाम होते. लाल थर्मामीटर दिसला तरी तसेच, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. लाल बॅटरी म्हणजे चार्जिंग होत नाही. दिवसाउजेडी गॅरेज गाठा. पिवळे इंजिन स्थिर असेल तर सावकाश जा, लवकर दाखवा. तेच लुकलुकत असेल तर प्लगांना मिसिंग आहे, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला महागडा भाग जाळील, तेव्हा गाडी पुढे दामटू नका. आणि चावी फिरवताच सारे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. न लागणारा दिवा लागणाऱ्या दिव्याइतकाच संशयास्पद. जुनी गाडी विकताना काही जण त्याची तारच काढून ठेवतात.

एवढी माहिती मी काकांच्या गॅरेजात दोन तासांत मिळवली. आमच्या गाडीबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तिकेत ती सगळी होती, इंग्रजीत. बाबांनी ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. चित्राची भाषा साऱ्यांची, पण चित्रानंतरचे पहिले वाक्य इंग्रजीचे! स्कॅनरचा पडदा तर पूर्ण इंग्रजी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या महाविद्यालयात भाषणे झाली, मीही टाळ्या वाजवल्या. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश काढले आहेत, त्या श्रमांबद्दल मला आदर आहे. पण गॅरेजाला नवा जड शब्द नको आहे. सेन्सर, कॉइल, अर्थिंग, प्लग हे शब्द मराठी होऊन गेले. हवे आहे ते सरळ वाक्य. ‘सर्किट हाय’ याच्या जागी ‘सेन्सरची तार तुटलेली असू शकते, आधी तार तपासा’ एवढे पडद्यावर आले असते, तर आमचे ताडोबा वाचले असते.

हे वाक्य कोण लिहिणार? माझ्या वर्गातील एक मैत्रीण म्हणाली, “ते काम इंजिनिअरिंगवाल्यांचं. आपण कविता वाचाव्यात.” कविता मीही वाचते. पण इंजिनिअरिंगची मुले इंग्रजीत शिकून पुण्याला, बंगळुरूला जातात. वाडीच्या मिस्त्रीसाठी मराठीत वाक्य रचायला त्यांना कोण सांगणार? वाक्य नेटके करणे, एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर सावध करणे, ‘हाय’ कोणाचे विशेषण ते सांगणे, हे आपण शिकतो असे आपण म्हणतो ना? मग आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने यंदा खेड्यात रस्ता झाडण्याऐवजी, किंवा झाडून झाल्यावर म्हणा, आय.टी.आय.च्या मोटार मेकॅनिकच्या मुलांबरोबर बसावे. त्यांना कोडाचा अर्थ ठाऊक, आपल्याला भाषा ठाऊक. नेहमी येणाऱ्या चाळीसपन्नास कोडांची आणि सर्व दिव्यांची सोळा पानी पुस्तिका तयार होईल. गुरुजनांना माझी विनंती आहे की हा विचार थट्टेवारी नेऊ नये.

आणि गाडीमालकांनी, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांच्या वडिलांनी, एक करावे. कोणताही भाग बदलण्याआधी गॅरेजाकडून कागदावर लिहून घ्यावे: कोड कोणता आला, आणि भाग खराब आहे हे कोणत्या तपासणीने ठरले. ‘मशीनने सांगितले’ हे उत्तर पुरे मानू नये. मीटर लावला का, तार पाहिली का, असे विचारावे. विचारणाऱ्याला इंग्रजी येण्याची गरज नाही.

मी स्वतः एक वही सुरू केली आहे. दर रविवारी काकांकडे जाते. जो कोड आला असेल तो, गाडी काय करत होती, आणि शेवटी काय निघाले, असे तीन रकाने मराठीत लिहिते. आजवर सव्वीस ओळी झाल्या. त्यांत दोन चुका काकांनी काढल्या, एक त्यांच्याकडे शिकणाऱ्या पोराने. शास्त्र शाखेच्या कोणी प्राध्यापकांनी वही तपासून दिली तर उपकार होतील. पहिली ओळ पी ०११८ ची आहे. बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, “त्यात लिही, काटा खाली होता म्हणून.” तो मजकूर समासात घातला आहे, कारण रकान्यात जागा उरली नव्हती.